साचा नवा, गोळी सुरकुतलेली
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

अमेरिकेत शिकार आणि नेमबाजी करणारे अनेक जण काडतुसात बसवायच्या शिशाच्या गोळ्या घरीच ओततात. तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांची याबद्दलची पत्रं बरेच दिवस साठली होती. त्यातल्या बहुतेकांचा सूर एकच आहे: नवा साचा आणला, गोळ्या खराब येतात, साचा परत करू का? बहुतेक वेळा साच्यात काही दोष नसतो. कारण तेलात, तापमानात किंवा हाताच्या वेगात सापडतं. भारतातूनही दोन पत्रं आली आहेत, ती शेवटी घेतली आहेत.

*दोन घरांचा, म्हणजे एका वेळी दोन गोळ्या ओतायचा, ॲल्युमिनियमचा नवा साचा आहे, .३८ कॅलिबरची, १५८ ग्रेन वजनाची गोळी. साबणाने धुतला, आगकाडीने काजळीही धरली. तरी पहिल्या पन्नासही गोळ्या सुरकुतलेल्या. शिसं वितळवायच्या पॉटचा काटा ६५० अंश फॅरनहाइटवर आहे. (ओहायो)*

सुरकुत्यांची कारणं दोनच: साचा थंड असणं किंवा आत तेल राहणं. कुठलं ते गोळ्यांवरूनच कळतं. वीस गोळ्या ओळीने मांडा. सुरकुती प्रत्येक गोळीवर नेमकी त्याच जागी असेल तर तिथे तेल आहे. जागा बदलत असेल, कधी टोकाला कधी बुडाशी, तर साचा थंड आहे.

आधी तेल. साचा कापताना वापरलेलं तेल घराच्या गुळगुळीत भिंतीवर फारसं टिकत नाही. ते हवा जायच्या बारीक रेघांत, दोन अर्धे जुळवणाऱ्या खिळ्यांच्या भोकांत आणि वरच्या कापपट्टीच्या, म्हणजे स्प्रू प्लेटच्या स्क्रूखाली दडून बसतं. साचा तापला की तिथून पाझरतं. म्हणून वरवर धुऊन भागत नाही. पट्टी सोडवा, भांड्याच्या साबणाच्या कढत पाण्यात साचा ठेवा आणि जुन्या टूथब्रशने रेघांच्या दिशेने घासा, आडवं नको. कढत पाण्याने खळबळून पूर्ण वाळू द्या. मग शिशाचा रस न ओतता साचा हॉट प्लेटवर तापवा आणि आपोआप निवू द्या, असं तीनदा. उरलंसुरलं तेल या तापण्या-निवण्यात निघून जातं. ब्रेक क्लीनर वापरणाऱ्यांनी डब्यावरची माहिती वाचावी. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तापला की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तो या कामात नकोच.

आता तापमान. शुद्ध शिसं ६२१ अंश फॅरनहाइटला (३२७ सेल्सिअस) वितळतं. ६५० वर रस पातळ दिसतो, पण थंड साच्याला टेकताच गोठायला लागतो. तुमचा रस ७०० ते ७२५ (साधारण ३७० ते ३८५ सेल्सिअस) पाहिजे. पॉटच्या काट्यावर विसंबू नका. रसाची पातळी उतरते तसं तापमान सरकतं. शिशासाठीचा दांड्याचा थर्मामीटर घ्या. या छंदात पैसा घालायचाच असेल तर दुसऱ्या साच्याच्या आधी थर्मामीटरवर घाला.

साचाही ३५० ते ४०० फॅरनहाइटला आणून मगच पहिली ओत करायची. हॉट प्लेटवर पोलादी पत्रा ठेवा, त्यावर साचा, वर उलटा पत्र्याचा डबा. ॲल्युमिनियमच्या साच्याचा कोपरा रसात बुडवूनही तो तापवता येतो. कोपरा बाहेर काढल्यावर त्याला शिसं चिकटलेलं दिसलं तर साचा अजून थंड आहे, कोरडा निघाला की तयार. ओतणं सुरू झाल्यावर खरा थर्मामीटर म्हणजे पट्टीवर साचलेला रसाचा थेंब. तो लगेच गोठला तर साचा थंड. तीन ते पाच सेकंदांत गोठला तर उत्तम. आठ-दहा सेकंद लागले तर थोडं थांबा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: प्रत्येक गोळी हातात घेऊन बघत बसू नका. ॲल्युमिनियम झपाट्याने निवतं. तुम्ही गोळी न्याहाळता तेवढ्यात साचा थंड होतो, पुढची गोळी सुरकुतते, मग तिच्याकडे आणखी बघत बसता. उघडा, पाडा, मिटा, ओता. पहिल्या पंधरा-वीस तशाच पॉटमध्ये परत जाणार हे धरून चाला.

इतकं करूनही कडा भरत नसतील तर कथील घाला. रसाचा पृष्ठताण कमी होऊन तो कानाकोपऱ्यात पोचतो. १ ते २ टक्के पुरतं. १० पौंडांच्या पॉटला २ टक्के म्हणजे सव्वातीन औंस, सुमारे ९० ग्रॅम. त्याहून जास्त घालणं म्हणजे पैशाची नासाडी. ७५० च्या वर कथील भराभर जळून रसावर साचणाऱ्या मळीत जातं, तेव्हा कथील घालून आच वाढवण्यात अर्थ नाही. काजळीबद्दल जाणकारांत दोन तट आहेत. आमचं म्हणणं, गोळी अडकत असेल तरच धरावी. स्वच्छ, तापलेल्या साच्याला तिची गरज नसते.

*साचा नीट मिटत नाही. गोळीच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे येतात आणि एका घरातून गोळी सुटतच नाही. हातोडीने ठोकावं लागतं. (टेक्सास)*

हातोडी आधी बाजूला ठेवा. साच्याच्या ठोकळ्यावर एकही घाव नको. पडलेली खोच कधीच निघत नाही. ठोकायचं ते मुठींच्या बिजागरीच्या बोल्टवर, तेही लाकडी दांडक्याने, हलकेच.

पापुद्रा म्हणजे दोन अर्ध्यांत फट. रिकामा, थंड साचा मिटून खिडकीसमोर धरा. उजेडाची रेघ दिसली तर काहीतरी अडतंय. बहुतेकदा ते मोहरीएवढं शिसं असतं, जुळणीच्या सपाट पृष्ठावर किंवा खिळ्याच्या भोकात. साचा गरम असताना जाड सुती कापडाने पुसा, बांबूच्या काडीने काढा. चाकू, पिन, पोलादी ब्रश काहीही लावू नका. शिसं सापडलं नाही तर खिळे तपासा. एखादा खिळा जास्त बाहेर आलेला असतो किंवा भोकाच्या कडेला कोर, म्हणजे वर उठलेली धारदार कड, असते. साचा मिटताना तो सपाट लाकडावर टेकवून मिटायची सवय लावा. हवेत मिटला की अर्धे तिरके येतात, खिळा भोकाच्या कडेला घासतो आणि ॲल्युमिनियम झिजायला लागतं. खिळ्यांना मधमाशीच्या मेणाचा किंचित स्पर्श पुरे. जास्त लावलं तर मेण घरात उतरेल आणि तुम्ही ओहायोच्या वाचकांच्या पंक्तीला जाऊन बसाल.

आता अडकणारी गोळी. ती प्रत्येक वेळी एकाच अर्ध्यात राहते का, ते बघा. राहत असेल तर त्या घराच्या काठावर कोर आहे. भिंगातून गोळी बघितली की लांबीच्या दिशेने एक चमकती ओरखड्याची रेघ दिसते. ती जिथे संपते तिथे कोर. कठीण लाकडाच्या काडीने किंवा जीनच्या कापडाने काठावरून दोन-चार वेळा दाबून घासा आणि पुन्हा ओतून बघा.

नाहीच सुटली तर साच्याला पॉलिश करावं लागतं. त्याच घराची एक गोळी घ्या, बुडात भोक पाडून स्क्रू बसवा. तिला ६०० नंबरच्या घासायच्या पावडरीची तेलात कालवलेली पेस्ट किंवा साधी टूथपेस्ट लावा. थंड साच्यात बसवून साचा अलगद मिटा आणि स्क्रूने गोळी आठ-दहा फेरे फिरवा. धुवा, ओता, मोजा. मोजायचं विसरू नका. घासल्याने घराचा व्यास वाढतो, आणि वाढलेला कमी करता येत नाही.

*लोखंडी साच्यात एका घराची गोळी छान येते, दुसऱ्याची बुडाची कड गोल. (पेनसिल्व्हेनिया)*

बुडाची कड धारदार नसेल तर नेम बिघडतो. टोकाला थोडी खोट असली तर एक वेळ चालतं, पण बुडाला नाही. कड गोल राहते कारण तिथली हवा बाहेर पडायच्या आत रस गोठतो. पट्टीचा स्क्रू फार आवळलेला असेल तर तो सैल करा. साचा तिरका केल्यावर पट्टी स्वतःच्या वजनाने सरकली पाहिजे, पण तिच्या आणि ठोकळ्याच्या मध्ये फट दिसता कामा नये. ठोकळ्यांच्या वरच्या आतल्या काठावरून बारीक तेलदगड एकदाच हलकेच फिरवला की हवेला वाट मिळते. त्याहून जास्त केलंत तर तिथेच पापुद्रे येतील.

ओतताना हात आखडू नका. पट्टीवर चवलीएवढा (जुन्या दोन आण्यांच्या नाण्याएवढा) रस साचू द्या. गोळी गोठताना आकसते आणि कमी पडणारं शिसं त्या साठ्यातून ओढून घेते. साठा कमी पडला तर बुडात खड्डा किंवा पोटात पोकळी. दहा गोळ्या तोला, एखादी हलकी निघाली तर तिच्या पोटात हवा आहे. एकच घर वाईट असेल तर काही दिवस ओतताना तेच आधी भरा. दुसऱ्यांदा भरल्या जाणाऱ्या घराला पट्टी तापलेली मिळते, म्हणून ते चांगलं येतं असं पुष्कळदा असतं. पट्टीखाली शिसं माखत असेल तर तुम्ही ती फार लवकर फिरवताय. थेंब गोठून निस्तेज होईपर्यंत थांबा. पट्टीच्या खालच्या बाजूला कापसाच्या काडीने टू-स्ट्रोक तेलाचा पुसट हात द्या, गरम असतानाच, आणि पुसून टाका.

*गोळ्या पांढुरक्या, खडबडीत येतात. फेकाव्या का? (मिशिगन)*

नाही. साचा जास्त तापलाय एवढंच. कडा भरलेल्या असतील तर गोळी वापरण्याजोगी आहे. वेग कमी करा किंवा साचा ओल्या कापडावर नव्हे, कोरड्या जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर दोन-तीन सेकंद टेकवा. साचा पाण्यात बुडवायचा नाही. ठोकळे वाकडे होतात.

*गाडीच्या चाकांची जुनी वजनं वितळवली. रस उपम्यासारखा घट्ट झाला, साच्यात उतरतच नाही. (विस्कॉन्सिन)*

रसात जस्त गेलंय. चाकाची वजनं आता तीन धातूंची असतात: शिशाची, जस्ताची आणि लोखंडाची. जस्तावर बहुधा ‘झेडएन’, लोखंडावर ‘एफई’ ही अक्षरं उठवलेली असतात. जस्त ७८७ अंश फॅरनहाइटला वितळतं, शिसं त्याच्या बरंच आधी. म्हणून गाळताना रस ७०० च्या वर जाऊ द्यायचा नाही. जस्त आणि लोखंड वर तरंगतं, झाऱ्याने काढून टाकायचं. आता बिघडलेला रस गोळ्यांच्या उपयोगाचा नाही. मासे धरायच्या जाड वजनांसाठी ठेवून द्या आणि पॉट घासून घ्या.

*९ मिमीच्या गोळ्या .३५५ इंच येतात. मला .३५७ हव्यात. छपराच्या जुन्या पत्र्याचं शिसं वापरलं. (नॉर्थ कॅरोलायना)*

छपराचं शिसं जवळजवळ शुद्ध असतं, आणि शुद्ध शिसं गोठताना अँटिमनी घातलेल्या शिशापेक्षा जास्त आकसतं. शिवाय ते ९ मिमीच्या दाबाला मऊही पडतं. कठीणपणाच्या ब्रिनेल मापावर शुद्ध शिसं ५ च्या आसपास, तर ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी हे मिश्रण १५ च्या आसपास. साच्यावर लिहिलेलं माप निर्माता कुठलं तरी ठरावीक मिश्रण धरून देतो. तेव्हा आधी मिश्रण बदला आणि पुन्हा मोजा. मोजायला मायक्रोमीटर. व्हर्नियरवर एका थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा, भरवसा ठेवू नका. आपल्या बंदुकीच्या नळीचं खरं मापही काढा. मऊ शिशाचा तुकडा नळीतून ढकलून मोजायचा. गोळी त्याहून एक-दोन थाऊ जाड हवी.

तरीही कमी पडली तर एक जुगाड आहे. एअर कंडिशनरच्या डक्टला लावतात ती ॲल्युमिनियमची चिकटपट्टी घ्या. तिचे बारीक तुकडे एका ठोकळ्याच्या सपाट पृष्ठावर, घरांपासून दूर लावा. पट्टीच्या जाडीएवढी फट वाढते, गोळी किंचित लंबगोल येते आणि मग सायझिंग डायमधून, म्हणजे ठरावीक व्यासाच्या पोलादी कड्यातून, काढली की गोल होते. पट्टी महिनोन् महिने टिकत नाही, पण साचा न घासता व्यास मिळतो.

*माझा नवरा स्वयंपाकघरातल्या शेगडीवर, वरची चिमणी लावून शिसं वितळवतो. म्हणतो, वाफच होत नाही. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. (सिॲटल)*

ताई, हे आजच बंद करा. वाफेबद्दल त्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. शिसं १७४९ अंश सेल्सिअसला उकळतं, पॉटच्या तापमानाला त्याची वाफ फारच कमी निघते. धोका मळीच्या करड्या भुकटीत आणि हातांत आहे. ती भुकटी ओट्यावर, फरशीवर बसते आणि रांगतं-चालतं मूल ती बोटांवरून तोंडात घालतं. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये ज्या पातळीपासून दखल घ्यायची ती रक्ताच्या डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. मुलीच्या डॉक्टरांना सगळं सांगून तिची रक्त तपासणी करून घ्या. शेगडी, ओटा, फरशी ओल्या कापडाने पुसा आणि कापड टाकून द्या. झाडू किंवा साधा व्हॅक्यूम नको, भुकटी उडते.

काम गराजच्या दाराशी किंवा उघड्यावर, छपराखाली. भांडं लोखंडी, ॲल्युमिनियमचं कधीच नाही. त्या भांड्यात, त्या झाऱ्याने पुन्हा अन्न शिजता कामा नये. लांब बाह्या, चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. काम संपलं की साबणाने हात, मग कपडे वेगळे धुणं. मळी झाकणाच्या डब्यात. आणि पाणी! पॉटच्या आसपास पाण्याचा थेंबसुद्धा नको. ओलसर तुकडा रसात बुडाला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि सगळा रस छताला उडतो. घामाचे थेंब, पावसाची सर, फ्रीजमधून काढलेलं पेय, सगळं लांब.

*मी एच-१बी व्हिसावर आहे. मित्राचा साचा घेऊन नुसत्या गोळ्या ओतल्या, बंदूक नाही ठेवली, तर चालेल ना? (जॉर्जिया)*

गृहीत धरू नका. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ‘ॲम्युनिशन’च्या व्याख्येत नुसती गोळीही येते, दारू न भरलेली. आणि नॉन-इमिग्रंट, म्हणजे एच-१बीसारख्या तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा ॲम्युनिशन बाळगायला बंदी आहे. अपवाद आहेत, जसं एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ही बंदी लागू नाही. प्रकरण फौजदारी आहे आणि व्हिसावरही बेतेल, तेव्हा ओतण्याआधी वकिलाला विचारा. स्वतःपुरतं ओतायला संघीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. राज्यांचे नियम आणखी वेगळे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही.

*मुलगा अमेरिकेहून साचा आणणार आहे. मी रायफल क्लबचा सदस्य आहे. (पुणे)*

आणू देऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री येते. बनवायला परवाना लागतो, देशात आणायलाही लागतो. बंदुकीचा परवाना असला म्हणून त्यात हे येत नाही. आणि क्लबात .२२ ची रिमफायर किंवा ४.५ मिमीची छर्ऱ्याची रायफल असेल तर घरच्या साच्याचा तसाही काही उपयोग नाही.

*आम्ही पागाला (फेकून मासे धरायच्या जाळ्याला) लावायची शिशाची वजनं घरी ओततो. नव्या साच्यात भोकाची तार अडकते आणि वजनं अर्धीच भरतात. बॅटरीचं शिसं भंगारात स्वस्त मिळतं, ते चालेल का? (मालवण)*

बॅटरीचं शिसं नको. आत गंधकाम्ल असतं, आणि पट्ट्यांतल्या अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियममुळे वितळवताना आणि नंतर मळी ओली झाली तर अत्यंत विषारी वायू निघू शकतात. भंगारवाल्याकडे जुन्या केबलवरच्या आवरणाचं शिसं मागा. ते मऊ असतं, आणि वजन दोरीवर ठोकून बसवायचं तर मऊच हवं. नखाने ओरखडा उठला तर शिसं बरोबर आहे. कथील इथे घालू नका. वजन कडक होतं आणि खर्चही वाढतो. कल्हईवाले नवसागर वापरतात म्हणून काही जण तो रसात टाकतात, त्याचा धूर नाकातोंडात जातो. मळी सोडवायला मूठभर कोरडा लाकडाचा भुसा पुरे. वर टाकायचा, जळून कोळसा झाला की ढवळायचं आणि मळी झाऱ्याने काढायची.

अर्धी वजनं येतात कारण तार थंड असते आणि रस तिच्याभोवतीच गोठतो. साच्यासोबत तारही तापवा. तार पोलादी आणि गुळगुळीत हवी, तांब्याची किंवा जस्त चढवलेली नको, तिला शिसं धरतं. दर दोन-तीन ओतींनी दिव्याची काजळी धरा किंवा मऊ पेन्सिलीचं शिस घासा, ते ग्रॅफाइट असतं. शिसं गोठलं की लगेच, गरम असतानाच तार पिळत ओढा. पूर्ण निवल्यावर शिसं तिच्यावर आवळून बसतं आणि मग पक्कड लावूनही हलत नाही. तार एका टोकाला किंचित निमुळती घासून घेतलीत तर पिळायचीही गरज पडणार नाही. पावसाळ्यात साचा आणि भंगार दोन्ही आधी उन्हात किंवा चुलीपाशी कडकडीत वाळवून घ्या. खाऱ्या हवेत लोखंडी साच्याच्या रेघांत गंज आणि ओल दोन्ही धरतात, तेव्हा सिॲटलच्या उत्तरातला पाण्याचा इशारा तुम्हालाही लागू आहे.